टीका झाली, कायदा कुठे आहे?

जॉन बरासो हे अमेरिकेच्या सिनेटमधले वायोमिंग राज्याचे रिपब्लिकन सदस्य. पेशाने अस्थिरोगतज्ज्ञ, २००७ पासून सिनेटमध्ये आणि जानेवारी २०२५ पासून पक्षाचे तिथले प्रतोद. बायडन यांच्या चार वर्षांत त्यांच्या टीकेचा आशय फारसा बदलला नाही. सरकारने तेल, वायू आणि कोळसा जमिनीतच अडवून ठेवला म्हणून पेट्रोल महागलं. दक्षिणेची सीमा मोकळी सोडली म्हणून लाखो लोक आत आले. बेसुमार खर्च केला म्हणून सामान्य माणसाला महिन्याचा किराणा परवडेनासा झाला. तीन संकटं, आणि तिन्हींचं खापर एकाच माणसाच्या डोक्यावर.

अमेरिकेतल्या रिपब्लिकन नेत्याने काही म्हटलं की तो प्रचारच असणार, असं धरून चालायची सवय आपल्याकडच्या बऱ्याच लिखाणाला लागली आहे. मला ती मान्य नाही. बरासो यांच्या टीकेत तथ्य आहे, काही ठिकाणी तर भरपूर आहे. पण ते वृत्तवाहिनीवरचे समालोचक नाहीत, कायदा करण्यासाठी निवडून दिलेले लोकप्रतिनिधी आहेत. त्यामुळे त्यांचं म्हणणं खरं की खोटं एवढं पाहून थांबता येत नाही. त्या म्हणण्यातून त्यांनी कोणता कायदा उभा केला, हेही पाहावं लागतं. तसं पाहिलं तर एक विचित्र गोष्ट दिसते. ज्या विषयात त्यांचा आरोप सर्वांत कच्चा आहे, त्याच विषयात त्यांनी कायद्याचं काम सर्वांत मनापासून केलं. आणि जिथे आरोप सर्वांत पक्का होता, तिथे हातात आलेला कायदा त्यांनी चर्चेलाही येऊ दिला नाही.

आधी तेलाचं पाहू. २० जानेवारी २०२१ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, बायडन यांनी कॅनडाहून येणाऱ्या कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीचा परवाना रद्द केला. आठवड्याभरात सरकारी जमिनीवर तेल आणि वायूसाठी नवे पट्टे देणंही थांबवलं. तेव्हा अमेरिकेत पेट्रोल गॅलनला अडीच डॉलरच्या आत होतं. जून २०२२ मध्ये ते सरासरी पाच डॉलरच्या वर गेलं. नुसता हा क्रम पाहिला तर आरोप कोणालाही पटेल.

पण पट्टा मिळाला की लगेच तेल निघत नाही, मध्ये काही वर्षं जातात. जुने पट्टे चालूच होते, आणि नव्या पट्ट्यांवरची स्थगिती लुइझियानातल्या केंद्रीय न्यायाधीशांनी जून २०२१ मध्येच अडवली. शिवाय अमेरिकेत निघणाऱ्या तेलापैकी केंद्र सरकारची जमीन आणि समुद्र मिळून साधारण चौथा हिस्सा येतो. उरलेलं खाजगी आणि राज्यांच्या मालकीच्या जमिनीतून येतं, त्यात टेक्सासचा वाटा मोठा. २०१९ मध्ये अमेरिका दिवसाला सुमारे १ कोटी २३ लाख पिंपं तेल काढत होती. कोविडमध्ये तो आकडा घसरला आणि २०२३ मध्ये १ कोटी २९ लाखांवर पोहोचला. तोपर्यंत जगातल्या कोणत्याही देशाने कोणत्याही वर्षी इतकं तेल काढलं नव्हतं. २०२४ मध्ये तोही विक्रम मोडला. तेल अडवून ठेवणाऱ्या सरकारच्या काळात असं घडत नाही.

मग भाव का चढले? याचं उत्तर मुंबईच्या पेट्रोलपंपावरही मिळत होतं. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला १२० रुपयांच्या वर गेलं होतं. त्यात आपल्या करांचा वाटा मोठा होता हे खरं, पण ती उसळी आली होती जगाच्या बाजारातून. कोविडनंतर मागणी एकदम वाढली होती आणि फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता. वायोमिंगमधल्या सरकारी पट्ट्यांमुळे मुंबईकराचं पेट्रोल महागलं असं कोणी म्हणणार नाही. मग त्याच पट्ट्यांमुळे वायोमिंगमधल्या शेतकऱ्याचं पेट्रोल महागलं, हेही फारसं टिकत नाही.

एका मुद्द्यावर मात्र बरासो यांच्या पक्षाचं म्हणणं मला पटतं. मार्च २०२२ मध्ये बायडन यांनी देशाच्या राखीव तेलसाठ्यातून १८ कोटी पिंपं बाजारात सोडायचा निर्णय घेतला. पुढे तो साठा १९८३ नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेला. युद्ध आणि आपत्तीसाठी ठेवलेला साठा पंपावरचे भाव उतरवायला वापरणं, तेही निवडणुकीच्या वर्षात, ही सवय कोणत्याही सरकारला लागू नये.

कोळशाबद्दल बोलताना बरासो यांनी आपल्या मतदारांना अर्धंच सांगितलं, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्याही आत, पण अमेरिकेतला सुमारे चाळीस टक्के कोळसा तिथून येतो. पावडर रिव्हरच्या खोऱ्यात जिलेटसारखी गावं खाणीवरच उभी आहेत. २००८ मध्ये राज्याने ४६ कोटी टनांहून जास्त कोळसा काढला होता, २०२३ पर्यंत तो जवळपास निम्म्यावर आला. पर्यावरणाच्या नियमांचा यात वाटा आहे. पण खरा घाव घातला तो खडक फोडून काढलेल्या स्वस्त नैसर्गिक वायूने, म्हणजे ज्या तेल-वायू उद्योगाची बरासो बाजू घेतात त्याच उद्योगाने. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतही कोळसा घसरतच राहिला. खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाला पुढची वीस वर्षं कशी असतील हे खरं खरं कळायला हवं. वॉशिंग्टनमधला एक माणूस बदलला की जुने दिवस परत येतील, असं त्याला सांगणं मला क्रूर वाटतं.

आणि तरीही ऊर्जेवर या माणसाने काम केलं, हे मान्य केलंच पाहिजे. अमेरिकेत आज मोठा प्रकल्प अडतो तो बहुतेक वेळा परवानग्यांत. वायोमिंगच्या कार्बन काउंटीत वारा भरपूर आहे. तिथली वीज नेवाडापर्यंत नेणारी ट्रान्सवेस्ट एक्स्प्रेस नावाची सुमारे ११८० किलोमीटरची वाहिनी परवानग्या गोळा करण्यात दीड दशकाच्या आसपास अडकली होती. काम सुरू झालं जून २०२३ मध्ये. तेलवाहिनी अडवणारा कायदा पवनऊर्जेची तारही अडवतो, हे बरासो यांनी ओळखलं. जुलै २०२४ मध्ये त्यांनी वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर, आधी डेमोक्रॅट आणि तेव्हा अपक्ष असलेले जो मँचिन यांच्याबरोबर परवाना सुधारणेचं विधेयक आणलं. प्रकल्पाविरुद्ध न्यायालयात जायची मुदत कमी करणं, वीजवाहिन्यांना लवकर मंजुरी देणं, तेल-वायूचे पट्टे नियमित देणं आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांनाही जागा देणं, असं सगळं एकत्र बांधलेलं. समितीत ते १५ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झालं. अनेक पर्यावरण संघटनांचा विरोध होता आणि वर्षअखेर ते बारगळलं. पण प्रयत्न खरा होता. दोन्ही बाजूंना काही सोडावं लागणार होतं, आणि बरासो सोडायला तयार होते.

युरेनियमचं काम तर तडीस गेलं. अमेरिकेच्या अणुभट्ट्यांना लागणाऱ्या समृद्ध युरेनियमचा साधारण चौथा हिस्सा रशियातून येत असे, युक्रेनयुद्ध सुरू झाल्यावरही. वायोमिंगमध्ये केमरर इथे जुन्या कोळसा वीजकेंद्राशेजारी बिल गेट्स यांच्या टेरापॉवर कंपनीची नवी अणुभट्टी होते आहे. तिला लागणारं खास इंधन व्यापारी प्रमाणावर फक्त रशियाकडे मिळत होतं, त्यामुळे प्रकल्प किमान दोन वर्षं लांबल्याचं कंपनीने २०२२ च्या अखेरीस जाहीर केलं. रशियन युरेनियमच्या आयातीवर बंदी घालणाऱ्या कायद्यासाठी सिनेटमध्ये बरासो यांनी पुढाकार घेतला. मे २०२४ मध्ये त्यावर सही झाली, आणि सही करणारे होते बायडन. ज्या राष्ट्राध्यक्षाला रोज दूषणं द्यायची त्याच्याकडूनच काम करून घेतलं. लोकप्रतिनिधीने वागावं ते असं.

कीस्टोन रद्द झाल्याने बरासो यांना आलेला राग मला समजतो. २००८ पासून मांडलेला प्रकल्प, एका राष्ट्राध्यक्षाने नाकारलेला, दुसऱ्याने मंजूर केलेला, तिसऱ्याने पुन्हा मोडलेला. असं होत राहिलं तर पैसा कोण गुंतवेल? पण मग ऑगस्ट २०२५ मध्ये ऱ्होड आयलंडजवळच्या समुद्रातला रेव्होल्यूशन विंड हा पवनप्रकल्प ८० टक्के पूर्ण झालेला असताना ट्रम्प प्रशासनाने थांबवला, तेव्हाही तोच न्याय लागतो. काम पुन्हा सुरू झालं ते सप्टेंबरात न्यायालयाने परवानगी दिल्यावर. सगळ्या परवानग्या हातात असलेला प्रकल्प एका आदेशाने बंद करण्याचा अधिकार कोणत्याच राष्ट्राध्यक्षाला नसावा, एवढं एक कलम नव्या विधेयकात घालायला बरासो यांच्याइतका योग्य माणूस आज सिनेटमध्ये नाही. परवाना सुधारणेला डेमोक्रॅटिक मतं हवी असतील तर त्यांना हीच हमी द्यावी लागेल.

आता सीमा. इथे बरासो बहुतांशी बरोबर होते, आणि बायडन यांच्या समर्थकांनी ते वेळीच कबूल केलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. मेक्सिकोच्या सीमेवर अधिकृत नाक्यांव्यतिरिक्त पकडल्या गेलेल्यांचा आकडा २०२० च्या आर्थिक वर्षात चार लाखांच्या आसपास होता. २०२२ आणि २०२३ मध्ये तो दरवर्षी वीस लाखांच्या वर गेला. डिसेंबर २०२३ या एकाच महिन्यात जवळजवळ अडीच लाख. व्हेनेझुएलाची दुर्दशा आणि अमेरिकेत कामाला माणसं मिळत नव्हती ही स्थिती, दोन्ही कारणं खरीच होती. पण आश्रय मागणाऱ्यांना निकाल लागेपर्यंत मेक्सिकोतच थांबवण्याची पद्धत बायडन यांनी पहिल्याच दिवशी स्थगित केली आणि तिच्या जागी नीट चालणारं दुसरं काही उभं केलं नाही. २०२३ च्या अखेरीस स्थलांतर न्यायालयांत तीस लाखांहून जास्त खटले तुंबले होते आणि न्यायाधीश होते सातशेच्या आसपास. म्हणजे एकेकाच्या टेबलावर चार हजारांहून जास्त फायली. निकालाला वर्षं लागणार आणि तोवर कामाचा परवाना मिळणार, हे दलालांना कोणी वेगळं सांगावं लागलं नाही.

हे दलाल आपल्यालाही परके नाहीत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते, तिघे महाराष्ट्रातले. त्यांना हातकड्या घालून आणलं याचा संताप देशभर झाला, आणि तो योग्यच होता. पण जमीन विकून, कर्ज काढून, लाखो रुपये मोजून या माणसांना जंगलातून आणि वाळवंटातून पाठवणाऱ्यांचा धंदा ज्या ढिसाळ व्यवस्थेवर चालला, तिच्याबद्दलही तितकाच संताप यायला हवा. सैल सीमा ही गरिबावर केलेली दया असते, असं मला वाटत नाही. तिच्यात गरीबच सर्वांत जास्त लुबाडला जातो.

बायडन यांच्याकडे अधिकार होते पण त्यांनी ते वापरले नाहीत, हा बरासो यांचा आरोपही काळाने खरा ठरवला. जून २०२४ मध्ये बायडन यांनीच आश्रयाचे दरवाजे आदेशाने आवळले आणि काही महिन्यांत आकडे उतरले. ट्रम्प आल्यावर ते आणखी कोसळले. २०२५ च्या आर्थिक वर्षात या सीमेवर पकडल्या गेलेल्यांची संख्या अडीच लाखांच्या आत होती, १९७० नंतरची सर्वांत कमी.

मग कायद्याची गरजच नव्हती का? होती, आणि आजही आहे. कारण आदेशाने मिळालेलं आदेशानेच जातं. पहिल्या दिवशी ट्रम्प यांचे आदेश बायडन यांनी मोडले, बायडन यांचे ट्रम्प यांनी मोडले, आणि पुढचा कोणी हेही मोडील. टिकतो तो फक्त कायदा, आणि तो करण्याची संधी फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आली होती. युक्रेनला मदत हवी तर आधी सीमेचा बंदोबस्त करा, ही अट रिपब्लिकन पक्षाचीच होती. त्यांच्याच पक्षाचे ओक्लाहोमाचे जेम्स लँकफर्ड यांनी डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अपक्ष किर्स्टन सिनेमा यांच्याबरोबर काही महिने बसून मसुदा तयार केला. आश्रयाची पहिली चाळणी कडक करायची, सीमेसाठी सुमारे वीस अब्ज डॉलर द्यायचे, आणि दिवसाची सरासरी पाच हजारांवर गेली की आश्रयाचे अर्ज घेणं बंद करायचं. सीमारक्षकांच्या संघटनेनेही पाठिंबा दिला. ट्रम्प यांनी विरोध केला. बरासो यांनी मतदानाच्या आदल्या दिवशी जाहीर केलं की आपण विरोधात मत देणार आणि हे संकट संपवण्यासाठी अमेरिकन जनता आता येत्या निवडणुकीकडे वळेल.

७ फेब्रुवारीला मतदान झालं. ४९ विरुद्ध ५०, आणि हवी होती ६०. हे मतदान विधेयक मंजूर करण्यासाठी नव्हतं, ते चर्चेला घ्यायचं की नाही एवढ्यापुरतंच होतं. पाच हजारांच्या आकड्यावरचा आक्षेप मला गैर वाटत नाही. रोज चार हजार लोक आले तर चालतील, असा त्याचा अर्थ निघत होता. पण मग चर्चा होऊ द्यायची, दुरुस्ती मांडायची, आकडा एक हजारावर आणायला भाग पाडायचं. परवाना विधेयकावर मँचिन यांच्याशी जी घासाघीस बरासो यांनी पाचच महिन्यांनी केली, ती इथे का नाही केली? ज्याला ते राष्ट्रीय संकट म्हणत होते ते आणखी नऊ महिने तसंच राहू देण्याची त्यांची तयारी होती, कारण ते संकट निवडणुकीत उपयोगी पडणार होतं. दुसरं कारण मला सापडत नाही.

या मसुद्यात आणखी काही होतं, ज्याकडे आपल्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. पाच वर्षांत अडीच लाख वाढीव स्थलांतर व्हिसा द्यायचे होते. एच-१बी व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना कामाची मुभा मिळणार होती. आणि त्यांच्या मुलांना एकविसाव्या वाढदिवशी आपला दर्जा गमवावा लागणार नव्हता. पुण्यातून, नागपुरातून, नाशकातून गेलेल्या किती घरांत हा वाढदिवस धास्तीने मोजला जातो, हे तिकडे नातेवाईक असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. रोजगारावर आधारित ग्रीनकार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग काही दशकांची झाली आहे. वर्षाचा मूळ कोटा ठरवणारा कायदा १९९० चा आहे. डिसेंबर २०२० मध्ये ही देशवार मर्यादा काढायचं विधेयक सिनेटने एकमताने मंजूर केलं होतं, पण प्रतिनिधीगृहाच्या मसुद्याशी त्याचा मेळ बसला नाही आणि ते तिथेच राहिलं. २०१३ चं व्यापक विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं होतं. तेव्हा विरोधातल्या ३२ मध्ये बरासो होते, आणि प्रतिनिधीगृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. दर वेळी उत्तर तेच मिळतं: आधी सीमा, मग बाकीचं. सीमा आता शांत आहे. मग बाकीचं कधी?

महागाईवर फार बोलत नाही. मार्च २०२१ चं १.९ लाख कोटी डॉलरचं मदत पॅकेज गरजेपेक्षा मोठं होतं, असा इशारा डेमोक्रॅटिक सरकारांत काम केलेल्या अर्थतज्ज्ञ लॅरी समर्स यांनीच दिला होता. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. २०२१ च्या अखेरीस महागाईच्या दरात सरकारी मदतीने सुमारे तीन टक्केबिंदूंची भर घातली असावी, असा अंदाज सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी मांडला. उरलेली जगाबरोबर आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये महागाई ११.१ टक्के होती आणि युरो वापरणाऱ्या देशांत १०.६. म्हणजे आरोप अर्धा खरा. पण खर्चाला आळा घाला असं सांगणाऱ्याने स्वतःच्या मतांचाही हिशेब द्यावा. मार्च २०२० चं २.२ लाख कोटींचं पॅकेज सिनेटमध्ये ९६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं, त्या ९६ मध्ये बरासो होते. त्या वेळी ते आवश्यक होतं, असं मीही म्हणेन. पण जुलै २०२५ चा करकपातीचा आणि खर्चाचा कायदा दहा वर्षांत तूट सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरनी वाढवेल, असं अमेरिकी संसदेच्याच, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, अर्थसंकल्प कार्यालयाने सांगितलं होतं. सिनेटमध्ये तो ५१ विरुद्ध ५० असा काठावर पार पडला, आणि तेव्हा मतं जमवण्याची जबाबदारी प्रतोद म्हणून बरासो यांची होती. बायडन यांची उधळपट्टी आणि आपली गुंतवणूक, असा भेद तूट करत नाही.

आपल्या खासदारांपेक्षा अमेरिकन सिनेटरकडून जास्त अपेक्षा ठेवायला एक कारण आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपल्याकडे पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. तिकडे प्रतोदाच्या हाती असा दंड नाही. ७ फेब्रुवारीला चार रिपब्लिकन सिनेटरांनी पक्षाच्या प्रवाहाविरुद्ध मत दिलं आणि चौघांचीही जागा शाबूत राहिली. त्यामुळे पक्षाने अडवलं, ही सबब बरासो यांना नाही. आता तर विरोधी बाकावर असल्याचीही नाही.

परवाना सुधारणेचं विधेयक त्यांनी पुन्हा आणावं, पवनचक्की आणि तेलवाहिनी दोन्हींना एकच संरक्षण देऊन. आश्रयाची चाळणी आणि न्यायाधीशांची भरती कायद्यात घालावी, म्हणजे पुढच्या राष्ट्राध्यक्षाला ती एका सहीने पुसता येणार नाही. आणि मुलांचं कलम तर वेगळं तयारच आहे. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट अॅलेक्स पडिया आणि केंटकीचे रिपब्लिकन रँड पॉल यांनी 'अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्ट' या नावाने ते आधीच मांडलेलं आहे. त्यात सीमेचा प्रश्न नाही, बेकायदा कोणी नाही, फारसा खर्चही नाही. ही मुलं रीतसर व्हिसावर आली आणि तिथल्याच शाळांत शिकली. ते विधेयक सिनेटच्या पटलावर आणायला प्रतोदाने मनावर घेतलं तरी पुरेसं आहे.